ट्रॉयचे राष्ट्रकूट

डॉक्टरकाकांचा फोन आला तेव्हा मी ड्रायरमधून काढलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होते. नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवून आलेल्या बाईला अमेरिकन व्हिसानं ज्या कामांची मोकळीक दिली होती, त्यात मोजे बरेच वरच्या नंबरावर होते. नवरा एका मोटार कंपनीच्या आयटी खात्यात होता आणि मी त्याच्या व्हिसाची शेपटी होते. शेपटीनं पगार घ्यायचा नाही, असा कायदा होता. इथल्या मराठी मंडळासाठी फुकट राबायला मात्र कायद्याची काही हरकत नव्हती, आणि ही गोष्ट मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातल्या प्रत्येक जुन्या मराठी माणसाला ठाऊक होती.

“तू हिस्ट्रीची ना गं?” काकांनी विचारलं.

“हो काका.”

“मग राष्ट्रकूटांवर एक नाटक लिही. गणपतीत करू. बजेट नाही, पण स्टेज मोठं आहे.”

मी हातातले मोजे खाली टाकले. अमेरिकेत आल्यापासून कुणी मला इतिहासातलं काही विचारलं असेल, तर ते मुलांच्या शाळेतल्या प्रोजेक्टसाठी, आणि तेही ताजमहाल किती उंच आहे एवढंच. राष्ट्रकूट म्हणजे माझा एम.ए.चा विषय. मला इतका आनंद झाला की काकांच्या पुढच्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही. ते वाक्य होतं, “फक्त शेवट आपला आपण करायचा.”

काका हृदयाचे डॉक्टर. आमचे नवरे चड्डीत फिरत होते तेव्हा ते इथे आले, बर्फात रुतलेली गाडी ढकलत हॉस्पिटलला गेले आणि डेट्रॉईटच्या आसपासची मूठभर मराठी घरं गोळा करून त्यांनी मंडळ काढलं. हे सगळं ते प्रत्येक भाषणात सांगत, त्यामुळे गाडीचा रंगसुद्धा मला माहीत आहे. मंडळ निघालं त्या दिवसापासून ते अध्यक्ष होते. मधल्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष आले आणि गेले, हॉस्पिटलनं काकांना निरोप समारंभ करून घरी पाठवलं, पण मंडळाचे अध्यक्ष जागचे हलले नाहीत.

बरं, हुकूमशाही म्हणावी तर तसंही नव्हतं. दरवर्षी निवडणूक व्हायची. गणपतीत जेवणं झाली की वार्षिक सभा असायची आणि सभेत ठराव टाळ्यांनी मंजूर व्हायचे. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या नाहीत. “मराठी माणूस मतं मोजायला बसला की भांडतो,” असं काकांचं म्हणणं होतं, म्हणून त्यांनी मंडळाच्या नियमांतच टाळ्यांचं कलम घालून ठेवलं होतं. पुऱ्यांनी जड झालेल्या लोकांपुढे चिटणीस माइकवरून ठराव वाचायचा, टाळ्या पडायच्या आणि चिटणीस म्हणायचा, “ठराव मंजूर.” हा चिटणीस म्हणजे माझा नवरा. त्याला चिटणीस करण्याचा ठराव आला तेव्हा तो गाडी पार्क करायला गेला होता. परत आला तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

टाळ्यांचं हे प्रकरण किती कडक होतं, ते सॅलडवरून कळेल. एका वर्षी सभेत कुणीतरी विनोद केला, की पुढच्या गणपतीत श्रीखंडाऐवजी सॅलड ठेवा, म्हणजे लोक सभेत जागे राहतील. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि माझा नवरा सवयीनं “ठराव मंजूर” म्हणून बसला. पुढच्या गणपतीत खरोखरच सॅलड आलं. लोक खवळले. काका शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, “वाजलेल्या टाळ्या परत घेता येत नाहीत.” आम्ही सगळ्यांनी त्या वर्षी पुरीबरोबर कोबीची पानं खाल्ली.

तर राष्ट्रकूट. वेरूळचं कैलास लेणं ज्या राजाच्या काळात घडलं, त्याच्या दोन मुलांची ही हकिगत. बाप गेला, थोरला गादीवर बसला. धाकटा कर्तबगार होता. थोरल्यानं कारभार धाकट्यावर सोपवला आणि आपण चैनीत रमला, असं धाकट्याच्या वंशजांनी ताम्रपटांत कोरून ठेवलं आहे. थोरल्याचं म्हणणं काय होतं ते कळायला मार्ग नाही, कारण हरलेल्याच्या वाट्याला तांबं येत नाही. शेवटी धाकट्यानं थोरल्याला दूर सारून गादी घेतली. थोरल्यानं आजूबाजूच्या राजांना मदतीला बोलावलं, त्याचा उपयोग झाला नाही. आणि साम्राज्य कोसळलं म्हणावं तर तेही नाही. धाकट्यानं पार उत्तरेपर्यंत धडक मारली. पुढे वारस नेमायची पाळी आली तेव्हा या धाकट्यानं आपल्या थोरल्या मुलाला डावलून लहान मुलाला पुढे केलं, आणि डावललेल्या मुलानं रीतसर बंड केलं. माझ्या विद्यार्थ्यांना हा भाग फार आवडायचा, कारण प्रत्येकाच्या घरात असा एक काका होता.

डॉक्टरकाकांना मात्र हा इतिहास मंजूर नव्हता. दिवाणखान्यात मला समोर बसवून त्यांनी आपला सिद्धांत मांडला.

“समज, थोरला राहिला असता गादीवर. नो सत्तापालट. नो बंड. स्टेबिलिटी! तू लिहून घे, राष्ट्रकूट आजपर्यंत टिकले असते.”

“आजपर्यंत, काका?”

“का नाही? जपानचं घराणं टिकलं ना? उगाच माणसं बदलत बसायची नसतात. ज्याला अनुभव आहे त्याला बसू द्यावं.”

“पण थोरल्याला कारभारात रस नव्हता, असं ताम्रपटांत आहे.”

“ते धाकट्यानं पसरवलं,” काका म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मंडळाचे उपाध्यक्ष गाडी लावत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

उपाध्यक्ष पुण्याचे, माझ्या नवऱ्याच्याच लाइनीतले. आयटीवाली मंडळी मंडळात भराभर वाढली होती आणि डॉक्टर-इंजिनिअरांची जुनी पिढी हिवाळ्यात फ्लोरिडाला जाऊ लागली होती. उपाध्यक्षांना मंडळाची वेबसाइट करायची होती, गणपतीला ऑनलाइन नावनोंदणी करायची होती आणि खुर्ची हवी होती. दारात पाऊल ठेवल्याबरोबर त्यांनी काकांना वाकून नमस्कार केला. इतका वाकून नमस्कार करणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, एवढं मला इतिहासानं शिकवलं आहे. काकांनी नाटकात थोरल्या राजाचं काम स्वतःकडे घेतलं होतंच, धाकट्याचं काम त्यांनी उपाध्यक्षांना दिलं. शेवटच्या प्रवेशात धाकटा सैन्य घेऊन येतो, थोरला त्याला राज्यातल्या स्थैर्यावर एक लांबलचक भाषण देतो, धाकट्याचे डोळे उघडतात आणि तो पायांवर पडतो, असा शेवट ठरला. त्याच्या पाठोपाठ, लोकांची मनं भरलेली असताना, त्याच हॉलमध्ये वार्षिक सभा.

उपाध्यक्षांनी मला गाडीपाशी गाठलं.

“वहिनी, ऑथेंटिक ठेवा ना यार. हिस्ट्री इज हिस्ट्री. शेवटी धाकटाच राजा झाला ना?”

“झाला.”

“मग? लोकांना ट्रुथ कळायला पाहिजे.” या गृहस्थांना त्याआधी राष्ट्रकूट ही एखादी औषधी मुळी आहे असं वाटत होतं. सत्याची एवढी ओढ त्यांना त्याच आठवड्यात लागली होती.

मला दोघांचाही राग आला. बाराशे वर्षांपूर्वीची दोन भावंडं बिचारी मरून गेली, आणि इथे मिशिगनमध्ये त्यांची उसनी भांडणं आणून कुणीतरी आपली खुर्ची पक्की करत होतं. पण मला नाटक लिहायचं होतं. फार दिवसांनी काहीतरी माझं होतं. म्हणून मी गप्प बसले आणि लिहायला लागले.

खरी गोष्ट मला स्वयंपाकघरात कळली. तालमी काकांच्या बेसमेंटमध्ये होत, आणि तालमीला येणाऱ्या सगळ्यांना काकू खायला घालत. काकू म्हणजे डॉक्टरकाकांच्या पत्नी. मंडळाला स्वतःची जागा नव्हती, पण काकूंचं बेसमेंट होतं. तिथे मंडळाची पातेली, मंडळाची मखरं, मंडळाच्या समया आणि एक मोडकी पालखी होती. एवढ्या वर्षांत मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा मसालेभात काकूंनी ढवळला होता. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या उंच स्टुलावर बसून ढवळायच्या. अध्यक्षांच्या भाषणात त्यांचा उल्लेख “आणि अर्थातच आमची ही” असा शेवटून पहिला यायचा.

त्या दिवशी रविवार होता. मी खाली जायच्या आधी काकूंना मदत करायला थांबले, तर त्या फोनवर होत्या. आधी पैसे भरून घेतलेल्या कॉलिंग कार्डावरून साताऱ्याला बहिणीशी बोलत होत्या. बोलत होत्या म्हणजे, मुख्यतः ऐकत होत्या. मग नुसत्याच रिसिव्हर कानाला लावून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो ठेवला.

“ताई आता बोलताना मध्येच थांबते,” त्या म्हणाल्या. “झटका आला तेव्हापासून. शब्द सापडत नाही तिला. मी थांबते. ती शोधत असते, मी वाट बघत असते, आणि मध्येच ती कार्डावरची बाई सांगते, एक मिनिट उरलं. आज शब्द सापडायच्या आत कार्ड संपलं बघ.”

ताई त्यांच्यापेक्षा मोठी, एकटी, साताऱ्याला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. दिवसभर एक बाई येऊन करून जायची. काकू अमेरिकेला आल्यापासून दोघींनी एकही दिवाळी बरोबर केली नव्हती. दरवर्षी जायचं ठरायचं, दरवर्षी मंडळ आडवं यायचं. दिवाळीचा कार्यक्रम, मग नाताळातली सहल, मग संक्रांतीचं हळदीकुंकू.

“तुम्ही एकट्या जा ना काकू,” मी म्हटलं.

“गेले असते गं. पण माझ्यामागे यांना चहासुद्धा करून घेता येत नाही. जगातली सगळी हृदयं उघडली, दुधाची पिशवी उघडता येत नाही. आणि यांनी शब्द दिलाय ना, मंडळ सोडलं की आपण दोघं जाऊ. म्हणतात, ज्या दिवशी खुर्ची सोडीन त्याच्या दुसऱ्या दिवशी तिकीट काढीन, साताऱ्याला सहा महिने राहू. मागच्या गणपतीत भाषणात बोलले की, तू होतीस ना?”

मी होते. भाषणातलं ते हमखास वाक्य होतं. त्यावर लोक हसायचे आणि टाळ्या वाजवायचे.

“यंदा पुन्हा उभं राहायचंय यांना,” काकू म्हणाल्या. “ताई किती थांबणार?” आणि त्यांनी इतक्या जोरात कोथिंबीर चिरली की मला बाजूला व्हावं लागलं.

मी खाली गेले आणि मोठ्या जिद्दीनं थोरल्या राजाच्या राणीला एक प्रवेश लिहिला. इतिहासात ही राणी कुठे सापडत नाही, म्हणजे तिच्या तोंडी काहीही घालायला मोकळीक होती. राणी नवऱ्याला सांगते, की राज्य तुमच्याशिवाय चालेल, माझा जन्म मात्र एकच आहे. काकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “चांगलं आहे. पण स्टोरी स्लो होते. कट कर.” राणीला त्यांनी शेवटी ओवाळायला ठेवलं, एकही संवाद न देता. एवढ्याशा कामाला कोणी तयार होईना. आयटीवाल्यांच्या बायका म्हणाल्या, नुसतं ताट घेऊन उभं राहायला आम्ही बेबीसिटर कशाला लावू? शेवटी काकूच म्हणाल्या, “मी राहते उभी. सवय आहे.”

मुकुटही काकूंनीच केला. पुठ्ठा, सोनेरी कागद, हळदीकुंकवाच्या वाणात आलेल्या डब्यांवरचे खडे, आणि मागे चड्डीचं इलॅस्टिक. काकांच्या डोक्यावर तो असा बसला, की उतरेचना. सराव म्हणून ते घरात घालून फिरू लागले. एकदा मी संवाद दुरुस्त करून द्यायला गेले, तर काका मुकुट घालून टीव्हीसमोर वरणभात खात होते आणि बातम्यांवर मान डोलावत होते.

“झोपताना तरी काढतात का?” मी हळूच विचारलं.

“मी काढते,” काकू म्हणाल्या.

तालमींबद्दल बोलावं तेवढं थोडं. धाकट्याचं सैन्य म्हणजे चार इंजिनिअर, त्यातले दोन कायम कॉन्फरन्स कॉलवर. ढाल हातात आणि फोन कानाला. काकांचं स्थैर्यावरचं भाषण दर तालमीला वाढत होतं. मी लिहिलं होतं अर्धं पान. त्यात काकांनी बर्फात रुतलेली गाडी आणली.

“काका, आठव्या शतकात गाडी?” मी म्हटलं.

“रथ कर तिचा.”

“आणि बर्फ?”

“चिखल,” काका म्हणाले. मग थोरला राजा चिखलात रुतलेला रथ ढकलत राज्य स्थापन करायला निघाला. माझ्या तोंडून खास नागपुरी निघालं, “काय करून राहिले तुम्ही हे!” आणि पुणेकर उपाध्यक्ष पाचेक मिनिटं हसत राहिले. त्यांचे स्वतःचे संवाद तोवर पाठ नव्हते, पण पायांवर पडायची जागा त्यांनी शक्य तितकी माइकच्या जवळ ठरवून घेतली होती.

गणपतीचा दिवस उजाडला. शाळेचं ऑडिटोरियम भाड्यानं घेतलं होतं. तिथे ज्योत पेटवायला बंदी, त्यामुळे बाप्पापुढे बॅटरीच्या समया आणि राणीच्या ताटातही बॅटरीचं निरांजन. लोक नटूनथटून आले होते. जेवण झालं होतं आणि श्रीखंड परत आलं होतं, म्हणून सगळे खूश होते. मागच्या रांगेत पुऱ्या तळून दमलेल्या बायका चपला काढून बसल्या होत्या. मी विंगेत होते. माझ्या शेजारी नवरा साउंडचं बघत होता आणि त्याच्या हातात माइक होता, कारण नाटक संपल्याबरोबर त्याला सभा सुरू करायची होती.

नाटक माझं होतं असं म्हणायची मला लाज वाटते, पण लोकांना आवडलं. काका खरोखर राजासारखे दिसत होते. स्थैर्याचं भाषण सुरू झालं, रथ चिखलात रुतला, निघाला, पुन्हा रुतला. पुढच्या रांगेतली मुलं “इज इट ओव्हर?” असं विचारू लागली. अखेर धाकट्याचे डोळे उघडले. उपाध्यक्ष माइकच्या जवळ जाऊन पायांवर पडले आणि तिथून न हलता श्रोत्यांकडे बघत राहिले. राणी ताट घेऊन आली.

आता ओवाळायचं आणि पडदा, एवढंच उरलं होतं. पडद्याची दोरी माझ्या हातात होती.

काकू ओवाळेनात. त्यांनी ताट दोन्ही हातांत धरलं होतं, बॅटरीचं निरांजन खालून त्यांच्या चेहऱ्यावर लुकलुकत होतं. मला वाटलं, गुडघा धरला.

“महाराज,” काकू म्हणाल्या. आवाज साधाच होता, स्वयंपाकघरातला. “राज्य टिकलं. सैन्य परत चाललं. भाऊजी पायांशी आहेत. आता तुम्ही उतरा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. सभागृह एकदम जागं झालं.

“हे संवादात नाही,” काका पुटपुटले, पण त्यांच्या छातीवर माइक लावलेला होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि लोक हसले.

“राणीला संवाद दिलाच नव्हता,” काकू म्हणाल्या. मग त्या लोकांकडे वळल्या. “प्रजाजनहो. महाराजांनी मागच्या गणपतीत तुमच्यासमोर शब्द दिला, की ज्या दिवशी राज्य सोडीन त्याच्या दुसऱ्या दिवशी राणीला माहेरी नेईन. त्याला तुम्ही टाळ्या वाजवल्यात. राणीची बहीण वाट बघतेय. तेव्हा महाराजांनी आता मुकुट उतरवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी टाळ्या वाजवाव्यात.”

पहिली टाळी मागच्या रांगेतून आली. पुऱ्यांच्या बायका. मग त्यांच्या शेजारच्या. मग बाकीचे, नाटक छान रंगलं म्हणून. मग सगळेच. उपाध्यक्षांनी पडल्या पडल्या वाजवायला सुरुवात केली. आणि टाळ्या ओसरल्या, तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यानं, ज्याच्या त्या क्षणी मनात काहीही नव्हतं असं तो आजही शपथेवर सांगतो, हातातला माइक तोंडाशी नेला आणि सवयीनं म्हटलं, “ठराव मंजूर.”

मग जो हशा उठला त्याच्यात दुसऱ्यांदा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या.

“अगं, हे नाटक आहे,” काका म्हणाले. ते आता राजासारखे दिसत नव्हते. कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखे दिसत होते.

“टाळ्या नाटकातल्या नाहीत,” काकू म्हणाल्या. “आणि वाजलेल्या टाळ्या परत घेता येत नाहीत. तुमचंच आहे हे वाक्य.”

मला त्या माणसाचा राग यायचा. मी त्यांच्या रथावर, बर्फावर, स्थैर्यावर पोटभर हसले आहे. पण त्या वेळी ते ज्या तऱ्हेनं काकूंकडे बघत होते, ते पाहून माझं हसू गेलं. एवढ्या वर्षांत त्यांनी या बाईला स्टेजवर कधी पाहिलंच नसावं. त्यांनी मुकुटाला हात घातला. इलॅस्टिक कानात अडकलं. काकूंनी ताट खाली ठेवलं, दोन्ही हातांनी त्यांचा कान सोडवला आणि मुकुट काढून घेतला. उपाध्यक्ष गुडघ्यावर बसून मान पुढे करून तयारच होते. काकूंनी मुकुट ताटात निरांजनाशेजारी ठेवला, ताट उचललं आणि त्या सरळ विंगेतून किचनकडे निघून गेल्या. मी पडदा पाडला.

सभेत व्हायचं तेच झालं. काका खुर्चीसाठी उभे राहिले नाहीत. नियम त्यांचेच होते आणि स्वतःचे नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते, एवढं मान्य करायला हवं. उपाध्यक्ष टाळ्यांनी अध्यक्ष झाले. पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं की मंडळाला आता स्थैर्याची गरज आहे, आणि वेबसाइट नीट उभी राहायची तर निदान पाच वर्षं तरी माणसं बदलून चालणार नाही. माझा नवरा खाली बसला आणि म्हणाला, “आपण घरी जाऊ या.” नव्या अध्यक्षांनी पुढच्या आठवड्यात मला फोन करून विचारलं, की पुढच्या वर्षी धाकट्याच्या बाजूनं एक नाटक होईल का, ऑथेंटिक. टाळ्यांचं कलम त्यांनी काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, परंपरा आहे.

काका माझ्याशी एकदाच बोलले. “तुझी स्क्रिप्ट वीक होती,” म्हणाले. पण दिवाळीच्या आधी दोघं साताऱ्याला गेले. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले ते राहिलेच. घर विकायला काढलं तेव्हा बेसमेंटमधली पातेली कुणी न्यायची यावरून मंडळात दोन तट पडले, ते अजून जुळले नाहीत असं ऐकते.

पुढे मोटारींचा धंदा बसला, नवऱ्याचं प्रोजेक्ट बंद पडलं आणि आम्ही दुसऱ्या राज्यात, एडिसनला आलो. एका सकाळी मी तिथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय बाजारात भाजी घेत होते आणि फोन वाजला. भारतातला नंबर. काकू होत्या.

“बरी आहेस ना? सावकाश बोल, इथून स्वस्त पडतं आता.” मग त्यांनी सांगितलं. काका ताईंच्या सोसायटीचे चेअरमन झाले होते. लिफ्टवरून आधीच्या चेअरमनशी वाजलं, काकांनी मीटिंग बोलावली, लोकांना चहा-वडा दिला.

“टाळ्यांनी झाले?” मी विचारलं.

“नाहीतर काय. भाषणात म्हणाले, बिल्डिंगला स्टेबिलिटी पाहिजे.” काकू हसत होत्या. मलाही हसू आवरेना, भाजीवाला बघायला लागला. “आता सोसायटीच्या गणपतीत नाटक करायचंय. ते राष्ट्रकूटांचं. थोरल्याचं काम हे करणार, वेगळं सांगायला नको. तुझ्याकडे आहे ना ते अजून? पाठव.”

“पाठवते. पण काकू, तुम्ही पुन्हा नुसत्या ताट घेऊन उभ्या राहणार?”

“मी नाही. राणीचं काम ताई करणार आहे. खुर्चीत बसून. म्हणून तर फोन केला. यांनी कापलेला तो प्रवेश आहे ना, तो पाठव. सगळा.”

ताईंना शब्द सापडत नाहीत हे मला आठवत होतं, आणि ते काकूंना कसं विचारावं ते कळत नव्हतं. काकूंना ते न विचारताच कळलं.

“मध्ये थांबेल गं ती,” त्या म्हणाल्या. “थांबू दे. इथे कार्ड संपत नाही.”